शिक्क्याखालची अक्षरं

तैवानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दोंगशीच्या शाळेत प्रत्येक मुलाची एक संपर्क-वही असते. मी तीत गृहपाठ आणि सूचना लिहायच्या, घरच्यांनी संध्याकाळी वाचून खाली आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा, सकाळी वही परत. चौथीच्या सव्वीस वह्या रोज तपासून मला एवढं कळलंय, की शिक्के सगळे मारतात, वाचत कुणीच नाही.

म्हणून मुलांच्या इंटरनेटवरच्या सुरक्षिततेचं लांबलचक पत्रक आलं, तेव्हा मी ते रोज एक ओळ असं लिहायचं ठरवलं. सोमवारी लिहिलं : मुलाचा फोन उघडून पाहा.

मंगळवारी पंचवीस वह्यांत नुसते शिक्के. को शाओ-युनच्या वहीत मात्र शिक्क्याखाली एक शब्द होता : 'पाहिला.' उभट, किरटं अक्षर. पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर बोटाला वण लागत होते, आणि कागद समुद्राच्या पाण्यात भिजल्यासारखा दमट, खारट वासाचा. मला फार बरं वाटलं. शाओ-युनची आई उत्तरेला कारखान्यात, पोर आजोबांजवळ. म्हाताऱ्यानं मनावर घेतलं म्हणायचं!

त्या दिवशी लिहिलं : मूल कुणाशी बोलतं ते विचारा.

बुधवारी उत्तर आलं : 'स्वतःला सहावीतली मुलगी म्हणवतो. मुलगी नाही.'

मी आजोबांना तीनदा फोन लावला. उचलला नाही, ओहोटीला ते समुद्रातल्या कालवांच्या मळ्यात असतात. वहीत लिहिलं : अनोळखी माणसाला भेटायला जाऊ देऊ नका.

गुरुवारी त्याच अक्षरात : 'शनिवारी दोन वाजता, बसथांब्यामागे. बाई, तुम्ही या.'

शाळा सुटल्यावर मी शाओ-युनबरोबर तिच्या घरी गेले. को आजोबा दारात पाटावर बसून कालवं फोडत होते. उन्हात शिंपल्यांचा ढीग चकाकत होता.

"आजोबा, वहीत उत्तरं छान लिहिता हो."

"थट्टा करता होय गरिबाची? मला माझ्या होडीचं नाव वाचता येत नाही!"

"मग शिक्का कोण मारतं?"

ते ओशाळून हसले. "मीच की. एक तारखेला बसतो अन् महिन्याच्या सगळ्या चौकटी ठोकून मोकळा होतो. ओहोटी काय तुमच्या घंटेवर येते, बाई?"

"घरात आणखी कोण असतं?"

"मी, ही बया, आणि कालवं."

मी शाओ-युनकडे वळले. "शनिवारी दोन वाजता कुठे जाणार आहेस, बाळ?"

तिच्या हातातलं दप्तर खाली पडलं. "तुम्हाला कुणी सांगितलं? मी कुणालाच नाही सांगितलं, बाई. ती म्हणाली, घरी बोललीस तर मैत्री संपली."

"तुझी काही चूक नाही," मी म्हटलं.

"चूक माझी," आजोबा हळूच म्हणाले. "न वाचता शिक्के मारले."

"वाचता येत नाही, पण ऐकता तर येतं ना?" दर रविवारी समुद्रावरून लेकरांना राखणाऱ्या माझूमातेच्या देवळात चंद्रवीणेवर बोधकथा गातात, ती चाल माझ्या अंगात मुरलेली आहे. मी अख्खं पत्रक त्या चालीवर गायले. आजोबा मान डोलावू लागले. दुसऱ्यांदा शाओ-युनही गुणगुणली, डोळे पुसत.

"आता रोज संध्याकाळी ही मला वही वाचून दाखवील," आजोबा म्हणाले. "मग शिक्का."

पोलीस चौकीत द्यायला म्हणून मी फोन मागितला. तिनं तो स्वतःहून उघडून माझ्या हातात ठेवला.

त्या 'मैत्रिणी'चा शेवटचा निरोप दुपारचा होता. शाओ-युननं तो पाहिलेला नव्हता.

मी वाचला. आजोबांना वाचून दाखवला नाही.

'मी शनिवारी येत नाही. पुन्हा कधी लिहिणार नाही. फक्त त्या भिजलेल्या बाईला माझ्या दारातून निघून जायला सांग. दार बंद आहे, तरी तिच्या कपड्यांचं पाणी आत येतंय.'