सावलीच्या पाठातली चूक

"बाई, मंगोलिया आला!"

हजेरी घेता घेता मालन ऐवळेबाईंनी मान वर केली. बिळेवाडीची शाळा जत तालुक्यातली, जेमतेम साठ पोरांची. तिथे वर्गाची मागची भिंत हाच फळा आणि पडदा होता आणि भिंतीच्या कोपऱ्यात सावलीच्या पाठाची वंशावळ कायम उघडी असे. जगातल्या कुठल्याही शिक्षकाने मुक्त पाठसाठ्यातून तो पाठ उचलला, त्यात आपली भर घातली, की त्याचं नाव तिथे उमटे. बाईंच्या पाठाने आता एक्केचाळीस देश गाठले होते. बाईंना त्याचा अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

पाठ साधा होता. मैदानात काठी रोवायची, दर दहा मिनिटांनी सावली मोजायची आणि ती सर्वांत आखूड कधी होते ते शोधायचं. तीन वर्षांपूर्वी बाईंनी वर्गात ठणकावून सांगितलं होतं, "बरोबर बारा वाजता." चौथीतली तरन्नुम मुलाणी म्हणाली, "नाही बाई, साडेबाराला." बाईंनी "नीट मोजत जा" म्हणून तिला सगळ्यांसमोर झापलं. दोन दिवसांनी त्या स्वतः उन्हात उभ्या राहिल्या तेव्हा डोळे उघडले. घड्याळ अख्ख्या देशाचं एक, पण सूर्य प्रत्येक गावाला आपल्या वेळेने माथ्यावर येतो. देशाची वेळ पूर्वेकडच्या रेखावृत्तावर बेतलेली आहे. तिथून जतपर्यंत यायला सूर्याला साधारण अर्धा तास लागतो. पाठ लिहायला बसल्यावर बाईंनी पहिलीच ओळ लिहिली: "मी बारा सांगितलं, एक मुलगी साडेबारा म्हणाली, मी तिलाच खोटं पाडलं. ती बरोबर होती."

दुपारी मुख्याध्यापक बिराजदार गुरुजी जवळजवळ धावतच वर्गात आले. जगभरच्या शंभर आदर्श पाठांत सावलीचा पाठ निवडला गेला होता. रूपांतरकाने, म्हणजे पाठाला त्या त्या गावची भाषा आणि उदाहरणं चढवणाऱ्या यंत्रणेने, नवी आवृत्ती तयारही केली होती. पाचच्या आत बाईंची संमती हवी होती. ती मिळाली की जुन्या आवृत्त्या मिटणार होत्या.

बाईंनी नवा पाठ उघडला. पहिली ओळ गायब होती. तिथे शेरा होता: "शिक्षकाची चूक. अनावश्यक." त्याऐवजी प्रत्येक गावची अचूक वेळ घातली होती. वर शुद्धतांक, म्हणजे यंत्रणेने पाठाच्या बिनचूकपणाला दिलेले गुण, अठ्ठ्याण्णव होता; तो घसरला की निवड रद्द.

"जाऊ द्या की बाई," गुरुजी म्हणाले. "तुमचीच अब्रू राखलीया यंत्रानं. कोण बघायलंय ती ओळ?"

बघत होत्या एक जण. अर्जेंटिनातल्या मेंडोझा गावच्या ग्रासिएलाबाईंना ही आवृत्ती चाचणीसाठी आधीच मिळाली होती. त्यांचा निरोप सकाळपासून येऊन पडला होता. बाईंनी तो मराठीत लावला.

"मालनताई, नव्या पाठात उत्तर पहिल्याच पानावर आहे, एक वाजून पस्तीस मिनिटं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. काठी रोवायला कुणी उठलंच नाही. तुमची ती मुलगी कुठे गेली?"

 बाईंनी सातवीच्या वर्गातून तरन्नुमला बोलावलं आणि सगळं सांगितलं.

"ती ओळ परत घातली तर निवड रद्द होणार. घालू का? तुझ्या नावासकट?"

"घाला की बाई," तरन्नुम म्हणाली. मग जरा थांबून, "पर तुमचं नावबी राहू द्या. माझ्यावर कोण वरडलं त्ये कळू द्या."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अहो, अख्ख्या तालुक्याचं नाव निघालं असतं!"

"गुरुजी, माझी अब्रू राखायला पोरीचं खरं पुसायचं होय?" बाईंनी ओळ परत घातली. शुद्धतांक अठ्ठ्याण्णववरून एकाहत्तरवर आला आणि निवड तिथल्या तिथे रद्द झाली. बाईंना वाईट वाटलं. खूपच वाटलं. 

पण आठवड्याभरात वंशावळीत नवीनच प्रकार सुरू झाला. लोक पाठ उचलत होते आणि पहिल्या ओळीखाली आपापली ओळ लिहीत होते. केनियातल्या एका गुरुजींनी लिहिलं, "मीही एकाला असंच गप्प बसवलं होतं." ग्रासिएलाबाईंनी लिहिलं, "मी अकरा वर्षं बाराच सांगितले." यंत्राने एवढं झिडकारलेल्या त्या ओळीखाली सत्तावीस देशांतल्या शिक्षकांनी स्वतःच्या हाताने चुका नोंदवल्या. आता मात्र बाईंचा ऊर भरून आला. पेढे गुरुजींनीच आणले.

दहाव्या दिवशी साडेचार वाजता भिंतीवर मेंडोझाचा वर्ग आला. तिथे नुकतीच सकाळची शाळा भरली होती. पोरांनी आदल्या दिवशी काठी रोवून सावली मोजली होती आणि त्यांना तरन्नुमला बघायचं होतं. ती लाजत पुढे झाली. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली.

"तुझ्या बाई चुकल्या, आमच्याही चुकल्या," ती म्हणाली. "मग त्यांनी शिकवलेलं आणखी काय काय आपण मोजूनच बघितलं नाहीये?"