चार दोऱ्यांना ढील नसते

माळावर वारा मोजायचा एक मनोरा होता, लांब कडेला सात पवनचक्क्या, एक बाभूळ, बाभळीच्या आडोशाला एक बाई आणि त्रेचाळीस मेंढ्या. पहिल्यांदा मोजल्या तेव्हा बेचाळीस भरल्या. एक बाभळीमागं होती. आणि एक माणूस होता. दोन्ही हातांत दोन मुठी, प्रत्येक मुठीला दोन दोऱ्या, टाचा मुरमात रुतवून तो असा मागं रेलला होता, जणू न दिसणारा बैल आवरतोय.

मी मनोऱ्यापासून थोडी दूर, वही उघडून बसले होते. आषाढाचा वारा. हातातलं मीटर ताशी पंचेचाळीस किलोमीटर दाखवत होतं. तेवढ्यात एक काळापिवळा पतंग सुसाट खाली आला आणि... थांबला. माझ्या नाकापासून दीड मीटरवर, हवेत, जागच्या जागी. मग हळूच वाकला, नमस्कार करावा तसा, आणि तसाच मागं मागं सरकत वर निघून गेला.

पतंग मागं जात नाहीत. मी बीएस्सीला फिजिक्स घेतलं होतं. मला ते खटकलं.

"म्याडम, भ्यालात का?" वाऱ्यावरून आवाज आला.

"नाही."

"काय म्हणलात?"

"नाही म्हटलं."

"ऐकू येईना. वारं तुमच्याकडं चाललंय."

त्याचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं, माझं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी ते वहीत नोंदवलं.

त्याचं नाव सोमेश्वर. बाभळीखालच्या छबुबाई त्याची आई. दोन वर्षं त्यानं अलिबागच्या किनाऱ्यावर जीप चालवली होती. तिथं कुणीतरी टाकून दिलेला हा फाटका पतंग त्यानं आणून शिवला होता. मी दर मंगळवारी मनोऱ्याचं यंत्र तपासायला बीडहून शिरूर कासारच्या या माळावर यायचे. पाणी प्यायला तो माझ्यापाशी आला, की मी प्रश्न विचारायचे.

"वरच्या दोन दोऱ्या उचलत्यात, खालच्या दोन ब्रेक," तो सांगायचा. "म्हणून थांबतो, मागं जातो. पण ह्याला ढील न्हाई. बावीस मीटर म्हंजे बावीस मीटर."

"मग जोराचा झोत आला तर?"

"आपुनच पुढं चालायचं. तीच ढील."

बाभळीकडं आम्ही बरोबर चालत जायचो. त्याच्या अकरा पावलांत माझी पंधरा बसत. तो कधी मागं वळून थांबायचा आणि हसायचा.

तो पुन्हा उडवायला गेला, की मी माझ्या जागेवरून मोठ्यानं बोलायचे. त्याला ऐकू जाणार नव्हतंच. दुसऱ्या मंगळवारी म्हणाले, "दात चांगले आहेत." तिसऱ्या मंगळवारी, "आठवड्यात एकच मंगळवार का असतो?" चौथ्या मंगळवारी, "असे हसू नका, माझ्या नोंदी चुकतात."

"काय म्हणलात?" तो तिकडून विचारायचा.

"बावन्न," वाऱ्याचा आकडाच सांगितल्यासारखी मी आधी पाच आणि मग दोन बोटं दाखवायचे.

पाचवा मंगळवार शेवटचा होता. गोव्यातल्या पतंगबाजांच्या एका टीमला जोराच्या वाऱ्यात उडवणारा माणूस हवा होता, वर्षातले चार महिने, पगारी. अट अशी: वारा ताशी पन्नासच्या वर, पतंग दोन मिनिटं हवेत एका जागी, आणि मीटर व्हिडिओत दिसलं पाहिजे. व्हिडिओ त्याच संध्याकाळपर्यंत पाठवायचा. नाही जमलं तर सोमेश्वर पुन्हा अलिबागला, जीपवर.

मीटरवर चोपन्न होतं. त्यानं पतंगाच्या कापडाला मोठ्या खिडक्या पाडून त्यांत शेडनेट शिवलं होतं, वारा आरपार जावा म्हणून. पन्नास सेकंद पतंग खिळल्यासारखा उभा राहिला. मग झोत आला, आणि त्याची बोटं सैल झाली – लहानपणची सवय, साध्या पतंगाला ढील द्यायची. डावी मूठ निसटली. ती पकडताना मनगट मुरगळलं.

मी धावत गेले. मनगट सुजायला लागलं होतं.

"डावा हात गेला," तो खाली बघत म्हणाला. "जीपच बरी."

छबुबाई काठी टेकत आल्या. "मंग हिला धरू दे की एक मूठ. नुसती बसून दाताची तारीफ करतीय."

मी विचारलं, "तुम्हाला... ऐकू येत होतं?"

"समदं. वारं तुझ्याकडनं माझ्याकडंच येतं की बाई."

वाऱ्याखालच्या बाजूचा माणूस मी हिशेबात धरलाच नव्हता.

"आणि तुम्ही ह्यांना सांगितलंत?"

"मंगळवारचं जेवण लई लांबतं आमच्यात," सोमेश्वर म्हणाला.

"मग दर वेळी 'काय म्हणलात' कावून विचारत होता?" माझ्याही तोंडून 'का'ऐवजी त्याच्याकडचाच शब्द गेला.

"माय म्हातारी हाय. दोनदा ऐकलं तर नीट ध्यानात राहतं तिच्या."

मी डावी मूठ उचलली.

छबुबाई फोन धरून आमच्या मागं उभ्या राहिल्या. मीटर त्यांच्या काठीला बांधून समोर रोवलं. पतंग उठला, आणि माझा खांदा सोमेश्वरच्या खांद्याला जाऊन टेकला. ओढ एवढी होती, की दुसरीकडं टेकायला जागाच नव्हती.

"खालची दोरी जरा... हां. बास."

पतंग थांबला. मग झोत आला. माझी बोटं सुटायला लागली.

"न्हाई, अंजू. धर. चल पुढं."

म्याडम नाही, तुमी नाही. आम्ही पाऊल टाकलं. मग दुसरं. पतंग हलला नाही.

"भ्यालीस?"

"नाही."

"ऐकू आलं," तो म्हणाला. "आता मंगळवारचं म्हण."

छबुबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला होत्या. त्यांच्यापर्यंत या वेळी काही जाणार नव्हतं. मी खात्री करून घेतली.

"दात चांगले आहेत."

"आनि?"

"आणि... मला तू आवडतोस. दर मंगळवारी. बाकीच्या दिवशीही, पण त्यांची नोंद नाही."

पतंग किंचित थरथरला – त्याच्या बाजूनं.

"पयल्या दिवशी नमस्कार घातला ना," तो म्हणाला, "तसा मी कुणाम्होरं वाकवत न्हाई त्याला."

"झाली दोन मिनटं," मागून छबुबाई ओरडल्या. "उतरवा आता, मेंढरं पांगली."

आम्ही लगेच उतरवला नाही.

आठ दिवसांनी टीमचं उत्तर आलं. निवड झाली होती. खाली एकच प्रश्न होता: डाव्या मुठीवर कोण आहे, आणि त्या पण येतील का?

उत्तर पाठवण्याआधी मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. आवाज फक्त वाऱ्याचा आहे. मग वहीत नोंद केली.

सरासरी वारा: ताशी छप्पन्न किलोमीटर. पतंग एका जागी: तीन मिनिटं चार सेकंद. पुढं टाकलेली पावलं: त्याची नऊ, माझी नऊ.