कच्चा टाका

आई गेल्यानंतर तीन आठवड्यांनी धाकटी माहेरी आली, ती दोन कामं घेऊन. एक, आईकडे राहिलेला शर्टांचा गठ्ठा कारखान्यात परत द्यायचा. दुसरं, दादाची पिशवी भरायची. परवा दुपारी चार वाजता संस्थेची गाडी त्याला न्यायला येणार होती.

दादा तिचा थोरला भाऊ. वय छत्तीस, अंगानं दार भरून उभा राहील असा, आणि समज पाच वर्षांच्या लेकराची. जन्मापासून तसाच. आई होती तोवर त्याची काळजी दुसऱ्या कुणाला करावी लागली नाही. आणि आई गेली ती अशी बसल्या बसल्या, हातातली सुई हातातच.

धाकटीच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. ती रांगायला लागल्यापासून सगळे तिला मुंगी म्हणत, कारण कुठल्या फटीत शिरेल त्याचा नेम नव्हता. धाकटीचा जीव चोवीस तास टांगणीला. दोन खोल्यांचं घर, नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कधी घरी असेल कधी नसेल. त्यात दादाला कुठं ठेवायचं? चार माणसांना विचारून, चार रात्री रडून तिनं अशा माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेच्या कागदावर सही केली होती.

जिना चढताना खालच्या मावशी भेटल्या. हे तीन आठवडे दादाला दोन वेळचं ताट त्यांनीच पोचवलं होतं.

"तुमचे फार उपकार झाले मावशी. त्याची आंघोळ, कपडे, सगळं तुम्हालाच बघावं लागलं."

"छे गं, मी कसली बघते? माझे गुडघे मलाच सांभाळवत नाहीत. मी फक्त ताट ठेवायची. बाकी त्याचं तोच करतो. रोज सकाळी बघावं तर भांग पाडलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. नवरदेव नुसता!"

धाकटी हसली. मग दोन पायऱ्या चढून थांबली. दादाला बटणं लावता येत नव्हती. कधीच आली नव्हती. आईनं जन्मभर लोकांच्या शर्टांना काजं केली, बटणं लावली, त्याच हातांनी रोज सकाळी दादाचीही लावली. खालून वर लावायची, म्हणजे एकही चुकत नाही. शेवटचं गळ्याशी लावून झालं की त्याच्या हनुवटीला एक टिचकी. दादा खुदकन हसला की घरातला दिवस सुरू.

दार उघडंच होतं. आत तोच वास. कोऱ्या कापडाचा, साबणाचा, आणि त्यात मिसळलेला लवंगेचा. आईची दाढ दुखायची, म्हणून लवंग कायम गालात. दादा खिडकीपाशी आपल्या पाटावर बसला होता. शर्टाची सगळी बटणं लावलेली.

"दादा, ही बटणं कुणी लावली?"

"आईनं."

"दादा... आई आता नाही ना रे."

"हं," दादा समजुतीनं म्हणाला. "सकाळी असते."

धाकटीनं ते गळ्याशी लावलेलं बटण चाचपून पाहिलं. मग तिनं स्वतःची समजूत घातली. मावशींनीच लावून दिली असतील आणि विसरल्या असतील. वय झालंय.

जेवण झाल्यावर दादानं पत्र्याचा डबा काढला. हे त्याचं काम. बाकी काही येत नसलं तरी सुई ओवावी तर दादानंच. केळीच्या घडासारखी बोटं, पण नेढ्यात दोरा असा जायचा, जसा पाण्यात मासा. आईची नजर अधू झाल्यापासून रोज दुपारी तो सात सुया ओवून द्यायचा, आणि आंघोळीच्या साबणाच्या जुन्या वडीत ओळीनं खोचून ठेवायचा. साबणात खोचली की सुई कापडात अडत नाही. आई म्हणायची, "माझा एक हात दादा आहे. डावा माझा, उजवा त्याचा." आई डावखुरी होती.

आजही त्यानं सात सुया ओवल्या, वडीत खोचल्या, आणि चटईवर आडवा झाला. घरातली दुपार नेहमी अशीच असायची. पंख्याची करकर, दोऱ्याची सर्रसर्र, आणि टाका संपला की एक बारीक 'टच्'. आई कात्री वापरायची नाही. दातानं दोरा तोडायची. त्या 'टच्'वर धाकटी लहानपणी झोपी जायची, बाकीची पोरं अंगाईवर जातात तशी.

मुंगीला कुशीत घेऊन तिचाही डोळा लागला. आणि झोपेत, अगदी जवळून, तिनं तो आवाज ऐकला. टच्... थोडा वेळ काही नाही. मग टच्... तिला किती बरं वाटलं म्हणून सांगावं! तिनं कूस बदलली आणि आणखी गाढ झोपली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. वडीतल्या सातही सुया जागच्या जागी होत्या. एकीतही दोरा नव्हता.

"दादा, दोरे काढलेस तू?"

दादानं मान हलवली. "संपले. उद्या परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीला मावशींकडे ठेवून ती गठ्ठा घेऊन कारखान्यात गेली. अकरा शर्ट बिनबटणाचे राहिले होते, ते तिनं आल्या दिवशीच मोजून, वर चिठ्ठी लावून बांधले होते. लांबच लांब खोली, डोक्यावर पांढऱ्या नळ्या, टेबलांच्या रांगा, आणि चाळीस मशीनचा एकसारखा घूं घूं. तपासणीच्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला, चिठ्ठी वाचली, गाठ सोडली.

"अकरा बाकी म्हणून काय लिहिलंयस? सगळे झालेत की."

धाकटीनं वाकून पाहिलं. अकराच्या अकरा शर्टांना बटणं होती.

"हात तुझ्या आईचाच," बाई अंगठा फिरवत म्हणाल्या. "डाव्या हाताची गाठ उलटी बसते. इतक्या बायका कामाला आल्या नि गेल्या, पण ही गाठ एकीचीच. जाता जाता काम पुरं करून गेली हो! नाहीतर आमच्या इथल्या, बटण लावतात की उपकार करतात..."

मागून कुणीतरी हसलं. धाकटीनं शर्टाच्या आत बोट घातलं. तोडलेल्या दोऱ्याचं टोक चपटं होतं, दातांनी दाबल्यासारखं. आणि ओलं होतं.

घरी ती कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. मावशींच्या दारात मुंगीला छातीशी धरलं तेव्हा कुठं जिवात जीव आला.

"काय गं, भूत पाहिल्यासारखी पांढरी पडलीस?"

"ऊन लागलं मावशी."

"मग पाणी पी. आणि हे बघ, उद्या गाडीपाशी रडायचं नाही. तू रडलीस की तो हलायचा नाही. त्या दिवसासारखं होईल."

कुठला दिवस ते मावशींनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

धाकटी नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. आईला काम सोडता यायचं नाही, म्हणून बाजारात दादाला घेऊन धाकटीच जायची. एकोणीस वर्षांचा गडी, नजर चुकली की भलत्याच माणसामागं चालू लागायचा. म्हणून निघताना आई दोघांना शेजारी उभं करायची, आणि धाकटीच्या बाहीला दादाची बाही जोडायची. एकच कच्चा टाका. "हा ओढला की तुटतो," आई म्हणायची. "म्हणूनच ओढायचा नाही. जपून चाललं की दोघं घरी येता."

एकदा वर्गातल्या मुली समोरून आल्या. "अय्या, बैल बांधून आणलाय!" त्यातली एक म्हणाली. धाकटीची कानशिलं तापली. तिनं हाताला हिसका दिला. टाका तुटला. ती मुलींबरोबर पुढं गेली, आणि परत आली तेव्हा दादा नव्हता.

सापडला तो दिवे लागायच्या वेळी, गावाबाहेर नव्या पुलाचं काम चाललं होतं तिथं, वाळूच्या ढिगाशेजारी. एक बाही पुढं धरून बसला होता. तुटका दोरा लोंबत होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो ती बाही दाखवत होता. कुणीतरी जोडून द्या म्हणून. त्याला बघून धाकटी रडू लागली, तर तो जागचा हलेना.

आईनं तिला मारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सुई घेतली आणि म्हणाली, "टाका मी पुन्हा घालीन. कितीदाही घालीन. तोडणारी तू होऊ नकोस, एवढंच."

तिसरा दिवस उजाडला. दादाची पिशवी भरून झाली. सहा शर्ट, टॉवेल, कंगवा. दादानं पत्र्याचा डबा स्वतःच आणून वर ठेवला.

"दादा, तिथं सुया नाही नेता येत रे. नियम आहे."

"मग आई कशानं शिवणार?"

 धाकटीनं डबा उचलून ओट्यावर ठेवला. दादानं गुपचूप तो परत खाली घेतला, सात सुया ओवल्या आणि झोपला. तीन वाजले होते. आज डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, अशी तिनं शपथ घेतली. भिंतीला टेकून बसली, मुंगी मांडीवर. पंख्याची करकर. बाहेर कुणाचा कपडे आपटण्याचा आवाज, तोही थांबला. मग लवंगेचा वास दाट झाला. इतका दाट, की कुणीतरी तोंडाजवळ तोंड आणून वाकलंय... आणि बाहीला काहीतरी हलकेच लागलं. तिला डोळे उघडायचे होते. पापण्या उघडेनात.

टच्.

खाली गाडीचा भोंगा वाजला. ती दचकून उठायला गेली, तर हात वर येईना. दादा सरकून तिच्या शेजारी आला होता, झोपेतच. त्याच्या बाहीला तिची बाही जोडलेली होती. एकच टाका. उलटी गाठ. टोक ओलं.

"अगं ए, गाडी आली!" मावशी जिन्यातून ओरडल्या.

दादा जागा झाला. आधी त्यानं बाहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सतरा वर्षांपूर्वी वाळूच्या ढिगाशेजारी होते तेच डोळे.

"धाकटे," तो अगदी हळू म्हणाला, "जपून चाल हं."

एक हिसका पुरे होता. तिनं दुसऱ्या हातानं मुंगीला उचललं, आणि पावलाला पाऊल लावत, बाहीला बाही ठेवून, दोघं जिना उतरली. गाडीतल्या बाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या.

"पिशवी कुठाय?"

"वर आहे. तो येणार नाही."

"अहो, पण जागा धरून ठेवलीय. परत मिळायची नाही."

"नाही मिळाली तर नाही," धाकटी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

नवऱ्याला फोन केला तेव्हा तो कामावरच होता. मागं लिफ्टची साखळी खडखडत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "खाट लांब लागेल. त्याचे पाय बाहेर येतील."

चारच दिवसांत दादा त्या दोन खोल्यांत असा बसला, जशी डब्यात सुई. सकाळी बटणं लावायला धाकटी जायची, खालून वर. हनुवटीला टिचकी दिली की दादा खुदकन हसायचा. पहिल्या दिवशी त्यानं तिला लावू दिली आणि म्हणाला, "आई म्हणाली, आता तू लाव." ती घाबरली नाही. उलट रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. आईचं काम झालं, आई गेली, असं तिला वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर दादा सुया ओवायला बसला. धाकटी भांडी घासता घासता सवयीनं मोजत होती. पाच, सहा, सात. दादानं डब्यातून आणखी एक सुई काढली.

"दादा, आठवी कुणाला?"

"मुंगीला. रांगते ना ती."

तिनं हात पुसले आणि आत धावली. मुंगी पाळण्यात गाढ झोपली होती. छाती वरखाली होत होती. धाकटीनं देवाचं नाव घेतलं, आणि मग तिला झबल्याची कड दिसली. एक टाका. उलटी गाठ. तिथून निघालेला दोरा पाळण्यावरून खाली उतरला होता, फरशीवरून गेला होता, आणि बंद दाराच्या फटीतून बाहेर.

कच्चा टाका. ओढला की तुटतो. तिनं दोरा चिमटीत धरून ओढला.

तुटला नाही. उलट तो ताठ झाला.

दादा मागं येऊन उभा होता. तिच्या कानाशी वाकून, कुणी झोपलेलं उठू नये तसं, तो म्हणाला, "ओढू नकोस, धाकटे. तिकडनं आईनं धरलाय."