एकाच दिवशी लागलेले दोघे

लुंबिनीला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा चक्क थरथरत होता. लातूरच्या त्या क्लासमध्ये दोघंही फिजिक्सच्या जागांसाठी डेमो लेक्चर द्यायला आले होते. तिचं लेक्चर झालं होतं, त्याचं व्हायचं होतं. ती वर्गाबाहेर आली तर जिन्यापाशी हा उभा... घामाघूम, आणि हातातल्या खडूचे तीन तुकडे झालेले.

"लई अवघड हायेत का पोरं?" त्यानं विचारलं.

"पोरं नाही, मागं बसलेले वीरण्णा सर अवघड आहेत. क्लासचे मालक. त्यांच्याकडं बघूच नका."

"मग कुणाकडं बघू?"

"भिंतीकडं बघा."

"भिंतीकडं कशाला... तुम्हीच बसा की मागं. तुमच्याकडं बघतो."

अनोळखी माणसानं असं बोलावं आणि आपल्याला राग येऊ नये, याचंच तिला नवल वाटलं. ती खरंच जाऊन शेवटच्या बाकावर बसली. चाकूरचा आनंदराज चाळीस मिनिटं तिच्याकडं बघत फ्रिक्शन शिकवत राहिला आणि दोघांनाही नोकरी लागली. एकाच दिवशी, एकाच विषयाला. तिला मुलींची बॅच मिळाली, त्याला मुलांची. पगाराचं मात्र वीरण्णा सरांनी एकेकाला आत बोलावून ठरवलं, आणि हा आकडा कुणाला सांगणार नाही असं दोघांकडूनही लिहून घेतलं.

दोन वर्षं गेली. संध्याकाळी पाच ते सात मुलांच्या शंका सोडवायला दोघांची टेबलं शेजारीशेजारी असत. रांग सरली की आनंदराजची खुर्ची हळूच इकडं सरकायची.

"मॅडम, एक डाउट होता."

"विचारा."

"रविवारी तुम्ही काय करता?"

"पेपर तपासते."

"अन् दुपारून?"

"उरलेले पेपर."

"मग अर्धे मला द्या की. तेवढंच आयुष्य सत्कारणी लागंल."

हसू दाबायला ती मान खाली घालायची आणि लाल पेन उगाच कोऱ्या कागदावर फिरत राहायचा. बॅचमधल्या पोरींना सगळं केव्हाच कळलं होतं. पोरींच्या नजरेतून असलं काही सुटतं होय?

अखेर एका रविवारी गंजगोलाईजवळच्या रसवंतीत त्यानं विचारलंच. ग्लास हातात तसाच, नजर ग्लासात.

"आई म्हणली, पौर्णिमेला विहारात तिच्या घरच्यांना बोलवा, बोलणं करून टाकू. तू... तू काय म्हणतीस?"

 लुंबिनीच्या अगदी ओठावर 'हो' आला होता. पण तो बाहेर पडायच्या आधीच आनंदराज घाबरून भरभर बोलत सुटला. "मी सगळा हिशोब करून ठेवलाय. दोन खोल्या घेऊ. रेणापूरला तुझ्या आईला पाठवायचे ते पाठवू, आमच्या नानांच्या डायलिसिसचं बघू. माझे बेचाळीस हजार, तुझे बेचाळीस—"

"किती?"

"बेचाळीस. का? तुला जास्त देतेत का काय सर?"

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

चरकाचं घुंगरू छुमछुम वाजत होतं. लुंबिनीला लाज वाटली. तिनं लाजावं असं तिच्याकडून काहीच घडलं नव्हतं, तरी वाटली. ओठावरचा 'हो' तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती वीरण्णा सरांसमोर उभी राहिली. "सर, विषय एक, तास तेवढेच, पेपर एकच. मागच्या वर्षी निकाल तर माझ्या बॅचचा वर होता. मग पगार का खाली?"

सर रागावले नाहीत. उलट तिला बसायला सांगून, लेकीची समजूत काढावी तसे बोलले, "हे बघा मॅडम, त्यांच्यावर घर आहे. तुमचं काय, उद्या लग्न होईल, तुम्ही जाल."

"माझ्यावरही घर आहे सर. आई अजून रोजानं जाते."

सरांनी आनंदराजला आत बोलावलं. "आकडा कुणी फोडला ते नंतर बघू. आधी सांगा, तुमचं आणि मॅडमचं काम सारखं आहे का?"

लुंबिनी त्याच्याकडं बघत होती. 'हो सर' म्हण. दोन शब्द रे, फक्त दोन. पण आनंदराजच्या डोळ्यांपुढं वडिलांचा, नानांचा, डायलिसिसच्या सुईनं काळानिळा पडलेला हात आला असावा.

"सर... मॅडमकडं मुली असतात. मुली ऐकतात. पोरांच्या बॅचला मेहनत जरा... जास्त पडते."

तो दुष्ट नव्हता, भ्याला होता. हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि म्हणूनच त्याच्यावर धड रागावताही येईना. तो सगळा महिना तिनं मुलींना नेहमीसारखं शिकवलं, महिनाअखेरीस राजीनामा दिला आणि किनवटच्या एका निवासी शाळेत नोकरी धरली.

जायच्या दिवशी तो धावतपळत बसस्टँडवर आला. नांदेडची गाडी लागलेली होती.

"तिथं किती देतेत?"

"पंचवीस."

"म्हणजे इथल्यापेक्षा कमी!"

"हाव. पण तिथल्या गणिताच्या सरांना पण पंचवीसच हायेत. मी आधी विचारून घेतलं."

तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "अगं, लग्नानंतर पैसा एकाच घरात येणार होता. त्यात तुझं काय अन् माझं काय? मी नानांसाठी भ्यालो, लुंबिनी. नोकरी गेली असती तर..."

"माहीत आहे मला."

"मग?"

कंडक्टरनं घंटी दिली. ती पायरीवर चढली आणि वळली. डोळे भरून आले होते. तिनं ते लपवले नाहीत.

"तू मला आवडतोस, आनंद. आजही आवडतोस. त्या रविवारी मी हो म्हणणार होते. सरांनी मला अठ्ठावीस धरलं, त्याचं एवढं नाही. त्यांची मी कोण? पण त्या खोलीत तू... तूसुद्धा मला अठ्ठावीसच धरलंस."

गाडी हलली. तो चार पावलं गाडीबरोबर चालला आणि थांबला. लुंबिनी नांदेडपर्यंत खिडकीशी बसून रडली. तिथून किनवटची रेल्वे धरायची होती, म्हणून स्टेशनच्या नळावर तोंड धुतलं आणि गाडी कुठल्या फलाटावर लागते ते एका बाईला विचारलं.