खोटा विटाळ

"शिवलीस व्हय गं तू माझ्या लेकराला? बोल की! आता का दातखीळ बसली?"

तुळजाबाईंनी नातवाच्या अंगाखालचं फडकं ओढून काढलं आणि न्हाणीशेजारच्या कोपऱ्यात बसलेल्या थोरल्या सुनेला लांबूनच दाखवलं. त्यांचा आवाज असा, की वेशीतली कुत्रीसुद्धा उठून बसावीत. पण कस्तुराला तो आवाज ऐकूच आला नाही. तिची नजर त्या फडक्यावर खिळली होती. ते डांबरासारखं काळं झालं होतं आणि कडेनं ताजं, लाल रक्त पसरत होतं... आत अंथरुणात सहा वर्षांचा मल्हारी निपचित पडला होता. धाकटी जाऊ सीता, त्याची आई, त्याचे गार पडलेले तळवे चोळत हुंदके देत होती.

मुदतीच्या तापाचा तिसरा आठवडा चालू होता. तुळजापूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की पोराची आतडी हुळहुळी झाली आहेत, पेजेच्या निवळीशिवाय पोटात काही घालू नका, नाहीतर आतून रक्त सुटेल. आणि काल चंपाषष्ठी होती. अणदूरचा खंडोबा घरचं दैवत, तेव्हा भंडारा उधळून तळी उचलली गेली, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला; आणि माणसं पांगल्यावर तुळजाबाईंनी पदराआड लपवून त्यातला रोडगा भुकेनं कळवळणाऱ्या नातवाला भरवला! देवाचा प्रसाद कधी बाधतो काय, अशी म्हातारीची भाबडी आणि तितकीच हट्टी श्रद्धा. कस्तुरानं कोपऱ्यातून ते पाहिलं होतं. "आत्याबाई, नगा देऊ, डागदर नगं म्हनलेत!" असं ती काकुळतीनं ओरडलीही होती. तुळजाबाई वळून म्हणाल्या होत्या, "तू बाहीर बसलीयास न्हवं? मग तोंड बी बाहीरच ठिव."

आणि ती बसून राहिली होती! उठून त्या म्हातारीचा हात धरायला तिला काय झालं होतं? कावळा शिवलेल्या बाईनं देवाच्या पानाजवळ जाऊ नये, म्हणून बसून राहिली... आणि तिला कावळा शिवलेलाच नव्हता!

हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली ती तामलवाडीहून सून होऊन या घरात आली, त्याला बारा वर्षं होत आली होती. या बारा वर्षांत दोनदा तिची कूस उजवली होती, दोन्ही वेळा तुळजाबाईंनी गावभर साखर वाटली होती आणि दोन्ही वेळा साखरेची गोडी जिभेवरून जायच्या आत सगळं रक्तावाटे वाहून गेलं होतं. पहिल्या वेळी सासू म्हणाली, दृष्ट लागली. दुसऱ्या वेळी म्हणाली, हिचं पोटच खोटं. तेव्हापासून बारशाला, ओटीला, हळदीकुंकवाला कस्तुरानं मागच्या दारी उभं राहायचं, हा घरचा रिवाज झाला. म्हणून या तिसऱ्या वेळी तिनं मनोमन खंडोबाला शब्द दिला होता, की बाळ पोटात हलेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही... नवऱ्यालासुद्धा नाही! दर महिन्याला ठरल्या वेळी ती घोंगडी उचलून कोपऱ्यात जाऊन बसे, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेई आणि लोकांच्या डोळ्यांत धूळ टाकी. तिसरा महिना सरत आला होता. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून पोटावर हात ठेवताना तिच्या अंतःकरणात इतकं वात्सल्य दाटून येई, की तिला स्वतःचीच भीती वाटे.

आणि त्या खोट्या विटाळापायी ती काल जागची हलली नव्हती!

"मोठीमाय..." आतून मल्हारीनं क्षीण हाक मारली.

कस्तुरा ताडकन उठली आणि थेट अंथरुणापाशी गेली. तुळजाबाई किंचाळल्या, "अगं शिवू नगं! तुझ्या विटाळानंच ही गत झाली त्याची!" पण मल्हारी तोवर तिच्या खांद्यावर होता. जन्मला तेव्हा सीता बाळंतरोगानं अंथरुणाला खिळली होती. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून कस्तुरानंच त्याला जगवलं होतं. आता तो खांद्यावर इतका हलका लागत होता, की तिचं काळीज तुटलं. "दाजी, पळा! सडकंला कुनाची बी गाडी अडवा," ती धाकट्या दिराला, हिंमतरावांना म्हणाली. तुळजापूरहून माल घेऊन निघालेल्या खाजाभाईंनी आपला ट्रक थांबवला, लेकराकडे एकदा पाहिलं आणि वाटेत कुठंही न थांबता सगळ्यांना धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात आणून सोडलं.

डॉक्टरांनी मल्हारीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नाडी धरली आणि पायाकडच्या बाजूनं खाटेखाली विटा लावायला सांगितल्या.

"आतून फार रक्त गेलंय," ते म्हणाले. "औषधानं वाहणं थांबेलही, पण तोवर हा टिकला पाहिजे. याला रक्त द्यायला हवं, आत्ताच. सोलापूरहून बाटली आणायला माणूस पाठवा. पण तोवर घरातल्या कुणाचं जुळतंय का पाहू."

कस्तुराचा नवरा महारुद्र तसाच सोलापूरला निघाला. जाण्याआधी त्याच्याही बोटाला सुई टोचली होती, पण काचेच्या पट्टीवर त्याच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. बाप हिंमतराव, त्याचंही जुळेना. जन्म देणारी सीता, तिचंही नाही! तुळजाबाईंनी हात पुढं केला, तर डॉक्टर म्हणाले, "आजीबाई, या वयात नाही घेता येत." जिथं रक्ताचं नातं होतं तिथं काही जमेना, आणि जिच्याशी त्या घराचं रक्ताचं काहीच नव्हतं, तिचे थेंब मात्र पट्टीवर एकजीव झाले. डॉक्टरांनी कस्तुराकडे पाहिलं.

"तुमचं जुळतंय. पण बाई, एक विचारतो. दिवस गेलेले नाहीत ना? पोटुशी बाईचं रक्त मी घेत नसतो. पोटातल्या जिवाला धोका होतो."

कस्तुरा खाटेकडे वळली. एकीकडे विटांवर टेकवलेली ती खाट आणि तिच्यावरचा तो पांढराफटक इवला चेहरा... आणि दुसरीकडे, कुणीही न पाहिलेला, अजून न हललेला तिचा जीव! बारा वर्षं वाट पाहिलेला! देवा खंडेराया, या दोघांतलं एक मला का निवडायला लावतोस?

तिनं तोंड उघडण्याआधीच तुळजाबाई कडाडल्या. "कसलं दिवस नि कसलं काय! विटाळशी हाय ती, विटाळशी! परवापसनं बाहीर बसलीया. असल्या बाईचं रगत माझ्या नातवाच्या अंगात घालता व्हय डागदर? धरम बुडल की हो!"

"एवढंच ना? मग हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "धर्माचं मागाहून बघू, आजी."

एका शब्दानं तिला ते थांबवता आलं असतं. बाळ वाचलं असतं, विटाळाचा डागही पुसला गेला असता. पण कालचा तो रोडगा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं पदर खोचला आणि बाकावर आडवी होऊन दंड पुढं केला.

बाटली भरली. तिचं गडद लाल रक्त रबरी नळीतून थेंब थेंब मल्हारीच्या अंगात उतरू लागलं आणि उन्हं कलायच्या आत त्याच्या ओठांवर थोडी लाली आली. सीतानं कस्तुराच्या पायांवर डोकं ठेवलं. "आक्का, तुमी माझं लेकरू मला परत दिलं!" कस्तुरानं तिला उठवलं. तिच्या स्वतःच्या ओटीपोटात तेव्हा एक बारीकशी कळ उठली होती. ती कळ तिच्या चांगल्या ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मल्हारीचं पोट फुगलं आणि फडकं पुन्हा लाल झालं. महारुद्र सोलापूरहून अजून परतला नव्हता. हिंमतरावांनी गावातून चार गडी आणले होते. त्यांतल्या दोघांचं जुळलं नाही, आणि उरलेले दोघे सुई पाहून तंबाखू आणायला म्हणून गेले ते गेलेच. डॉक्टर कस्तुरापाशी आले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"कालच घेतलंय तुमचं. पुन्हा इतक्यात घेणं बरोबर नाही. पण याची नाडी लागत नाहीये... अर्धी बाटली दिलीत तर कदाचित निभावेल. तुम्हाला काही त्रास होतोय का? खरं सांगा."

सकाळपासून कळा थांबल्या नव्हत्या. काल तिच्या वतीनं सासू बोलली होती, आज तिला स्वतःलाच बोलायचं होतं.

"न्हाय," कस्तुरा म्हणाली. "मला काय बी होत न्हाय. घ्या."

दिवेलागणीला महारुद्र बर्फात ठेवलेली बाटली छातीशी धरून आला, तेव्हा रक्त थांबलं होतं आणि मल्हारी शांत झोपला होता. आणि कस्तुरा बायकांच्या खोलीत मोरीच्या भिंतीला धरून खाली कोसळली होती.

दवाखान्यातली वयस्क दाई नसीमबी बऱ्याच वेळानं पडद्याबाहेर आली. तिचे हात ओले होते. "तुमच्यात मोठं कोण? तुम्ही का, अम्मा?" ती तुळजाबाईंना म्हणाली. "या अल्ला, कसली माणसं तुम्ही! पोटुशी बाईचं दोनदा खून काढू दिलं? तीन महिन्यांचं होतं... गेलं."

"कायतरीच बोलू नगंस," तुळजाबाई चाचरल्या. "ती तर बाहीर बसली हुती. म्या माझ्या डोळ्यानं..."

महारुद्र पडदा सारून आत गेला. तुळजाबाईंना काल डॉक्टरांपुढं आपणच मारलेली बोंब आठवली असावी, कारण त्यांनी तोंडात पदर कोंबला. मग साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "म्या चारलं! म्या चारला लेकराला रोडगा! ती नगं म्हनत हुती आन म्या चारला! तिच्या विटाळावर घातलं... हिंमत्या, महारुद्रा, मारा रं मला!"

कुणी कुणाला मारलं नाही. बाळ रक्त दिल्यामुळंच गेलं की ते एरवीही जाणारच होतं, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही आणि कस्तुरानं विचारलंही नाही. महारुद्र तिच्या उशाशी बसून राहिला. "मला तर सांगायचंस," एवढंच तो एकदा म्हणाला.

मल्हारीला घरी आणलं तेव्हा पौष लागला होता. कस्तुरा कुणी न सांगता आपली घोंगडी उचलून न्हाणीशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिचं अंगावरून जाणं अजून थांबलं नव्हतं. या वेळचं बसणं खरं होतं. पोटावर ठेवायला गेलेला हात तिनं मागं घेतला.

तुळजाबाई वाटीत गरम पेज घेऊन आल्या. दरवेळी वाटी लांबून सरकवायच्या, आज त्या गुडघ्यांवर हात टेकत तिच्याच घोंगडीवर बसल्या.

"आत्याबाई, शिवताल!"

"शिवीन." त्यांनी वाटी तिच्या ओठांना लावली. त्यांचा तो जरबेचा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "कस्तुरे, का गं बोलली न्हायीस तवा? नुसतं तोंड उघडायचं हुतंस."

"बोलले असते तर मल्हारी ऱ्हायला नसता. तुमी मला रगत दिऊ दिलं नसतं."

तुळजाबाईंनी वाटी खाली ठेवली. मग मान न उचलता म्हणाल्या, "दिऊ दिलं असतं पोरी. तुला ठावं न्हाय मी कसली बाई हाय... तुझ्या पोटात हाय ह्ये कळलं असतं, तरी बी म्या म्हनले असते, दे. हा डोळ्यांपुढं हुता, ते न्हवतं. म्या तुझं लेकरू मागून घेतलं असतं तुझ्याकडनं."

कस्तुरानं सासूकडे पाहिलं. बारा वर्षांत या बाईनं तिला खूप काही ऐकवलं होतं, पण इतकं खरं कधीच बोलली नव्हती. आणि तिचा कोंडलेला बांध फुटला! दवाखान्यात एक टिपूस न काढलेली कस्तुरा सासूच्या मांडीत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडू लागली... त्या न हललेल्या जिवासाठी, ज्याला नाव नव्हतं, ज्याच्यासाठी कुणी साखर वाटली नव्हती. तुळजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि त्यांचेही अश्रू तिच्या केसांत पडत राहिले.

तिचं रडणं ऐकून मल्हारी भिंतीला धरत, लटपटत्या पायांनी उठून आला. "मोठीमाय, का रडाया लागलीस?" म्हणत तो थेट तिच्या कुशीकडे निघाला.

सीता आतून धावली. "अरं, थांब! शिवू नगं, मोठीमाय बाहीर हाय!"

तुळजाबाईंनी हात आडवा करून तिला थांबवलं.

"शिवू दे," त्या म्हणाल्या.