नऊ टनांची नदी

लुवेरा नदीवरची फेरीबोट दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी सुटली आणि बारा बत्तीसला पैलतीराला टेकली. कुंदा सरमळकर यांनी दोन्ही वेळा टिपल्या. मदतीचं धान्य रोज किती पोहोचू शकेल हे पाहायला कारेंबा देशात येऊन त्यांना तीन दिवस झाले होते आणि या काळात त्यांनी कुणालाही एकही आकडा विचारला नव्हता. त्या स्वतः मोजत. पोत्यावर पन्नास किलो छापलेलं असलं तरी दहा पोती काट्यावर घालून पाहत.

"दोन बोटी आहेत, बाई," जिल्ह्याचा वाहतूक अधिकारी एलियास ओतूंगा म्हणाला. "दिवसाला अठरा टन सहज."

"दुसरी बोट कुणाची?"

"आमचीच."

"तिच्या कडेला निळा रंग आहे. तुमच्या धक्क्याच्या टायरांवर फक्त तांबडा घासलेला दिसतो. परवापर्यंत ती इथं टेकलेलीच नाही."

एलियास ओशाळून हसला. कारेंबात पाहुण्यापुढे अपुरं ताट ठेवत नाहीत. कमी पडलं तर शेजाऱ्याकडून आणतात, पाहुणा गेला की परत करतात. पाहणी पथक आलं की ट्रक, गोदामं, बोटी यांचंही तेच होई. यात फसवणूक आहे, असं कुणाच्या मनात येत नसे.

"खालच्या जिल्ह्याची आहे," तो म्हणाला. "उद्या परत जाईल. तिथल्या लोकांचंही तिच्यावरच चालतं."

म्हणजे बोट एक. एका खेपेला दीड टन, दिवसा उजेडी सहा खेपा. अंधार पडला की नदीत ओंडके वाहत येत आणि बोट सुटत नसे. नऊ टन.

पूल मागच्या पुरात गेला होता. पलीकडे मासेलीच्या खोऱ्यात तीस हजार माणसं होती आणि सलग दोन हंगाम पीक आलं नव्हतं. त्या तीस हजारांत एलियासची बायको आणि दोन मुली होत्या.

कुंदाताईंनी वाटप केंद्राला फोन लावला. गणिती हेरंब पाटणकर पलीकडून बोलू लागला. एलियास शेजारी होता, म्हणून त्यांनी त्याच्या भाषेत थोडक्यात सांगत बोलणं चालू ठेवलं.

"हेरंब, नऊ आहे."

"मग मासेली बंद, ताई. माणशी रोज चारशे ग्रॅम धरले तर तीस हजारांची तगरेषा बारा टन येते. त्याखाली धान्य पाठवलं तर माणसं वाचत नाहीत, नुसती उशिरा मरतात. महावाटप तेच ट्रक जिथं वाचतील तिथं पाठवणार."

महावाटप ही जगातल्या मदतीच्या धान्याची वाटणी करणारी यंत्रणा. सहा वर्षांपूर्वी ती आली तेव्हापासून कुठे किती पाठवायचं हे माणसं ठरवत नसत. माणसं तिला फक्त पोच-अंक कळवत: एखाद्या ठिकाणी दिवसाला किती टन खरोखर पोहोचतील, तो आकडा.

"त्याला विचारा," एलियास म्हणाला, "मी अठरा पाठवला होता, त्याचं काय झालं?"

"यंत्रानं त्याचे नऊ केले," हेरंबनं सांगितलं. "प्रत्येक माणसाचा एक विश्वास-गुणक असतो. त्यानं कळवलं किती आणि पोहोचलं किती, यावरून तो ठरतो. ओतूंगांचा अर्धा आहे. सगळे वाढवून सांगतात, यंत्र तेवढं कापतं. कुणी राग मानायचं कारण नाही."

"आणि बाईंचा?"

"एक. पूर्ण एक. शंभराहून जास्त पाहण्या आणि एकदाही फरक नाही. त्यांनी लिहिलं ते यंत्र जसंच्या तसं घेतं. तसा दुसरा माणूस आमच्याकडे नाही."

फोन ठेवल्यावर एलियासनं बोटांवर वजाबाकी केली. मग म्हणाला, "म्हणजे मी लिहिलं तर अर्धं होतं आणि तुम्ही लिहिलं तर तसंच राहतं. तीन टन, बाई. फक्त तीन."

"तीन टन म्हणजे दोन खेपा."

"मग दोन खेपा वाढवू! पोती आधीच रचून ठेवू. माणसं दुप्पट लावू. तुम्ही घड्याळ लावून बसा."

कुंदाताईंनी हिशेब केला. पोती चढवण्या-उतरवण्यात प्रत्येक खेपेला अर्धा तास वाचला, तर आठ खेपा बसत होत्या. बसत होत्या, पण झाल्या नव्हत्या. वीस वर्षांत त्यांनी झालेलंच लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी मासेलीपुढे बारा लिहिले.

चालकाविना धावणारे ट्रक पाचव्या दिवशी आले. कुंदाताई तिथेच थांबल्या होत्या. पहिल्या दिवशी हमालांनी खरोखर अर्धा तास वाचवला आणि सातवी खेप सुटली. मध्यावर इंजिन तापलं, बोट दीड तास प्रवाहात भरकटली आणि ओढून मागे आणावी लागली. नंतर नावाडी सांगू लागला, "इंजिनाला सहाच्या वर सोसत नाही. त्याला तुमचं घड्याळ कळत नाही." रोज बारा टन येत, नऊ टन पार होत. ट्रक मात्र ठरल्याप्रमाणे येत राहिले. ट्रक येऊ लागल्यापासून अकराव्या दिवशी, रोजचे तीन साठत, काठावर तीस टन धान्य ताडपत्रीखाली पडून होतं.

त्याच दिवशी सकाळी हेरंबचा फोन आला.

"ताई, तुम्ही बारा का लिहिले?"

"होतील असं वाटलं."

"तुम्हाला कधी वाटायचं नाही. तुम्ही मोजायचात. यंत्रानं तुमचा गुणक पाऊण केलाय."

"होऊ दे. चूक माझी आहे."

"चूक एकट्या मासेलीची असती तर बरं होतं. गुणक माणसाचा असतो, ताई, जागेचा नसतो. दुसरा कुणी चुकला की यंत्र म्हणतं, हा असाच चुकतो, आणि त्याचा गुणक थोडासा सरकवतं. तुमचा आकडा कधी हललाच नव्हता. त्यामुळे हा अपघात आहे असं मानायला त्याच्याकडे जागाच नाही. त्याच्या हिशेबी माणूस बदलला. सध्या अकरा प्रदेश तुमच्या आकड्यांवर चालू आहेत. अकराही आकडे पाऊणपट झाले."

कुंदाताईंना पुढचं विचारावं लागलं नाही. अकराही आकडे त्यांना पाठ होते. मासेली धरून सात तगरेषेखाली जात होते.

"त्या सातांतल्या सेलाबेत रोज पंधरा टन पोहोचतात," त्या म्हणाल्या. "आजही पोहोचले असतील. यंत्राला दिसत नाही का?"

"दिसतं. पण ते कळवलेल्या अंकावर आजपासून पुढच्या महिन्याभराचे ट्रक ठरवतं. ठरलेत ते. सेलाबेचे आज परत फिरले."

"मी सुधारून देते. वीस लिही. त्याचे पाऊण पंधरा."

"खरा आकडा पंधरा असताना?"

"खरा पोहोचवायचा असेल तर आता वीसच लिहायला हवेत."

"नव्या पाहणीशिवाय आकडा बदलता येत नाही, ताई. तुम्हाला तिथं जावं लागेल. दुसरं कुणी दोन महिने मोकळं नाही."

मासेली सोडून सहा प्रदेश, प्रत्येकी चार दिवस, शिवाय प्रवास. कुंदाताईंनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि क्रम लावायला बसल्या. सेलाबे पहिलं, कारण तिथं साठा सगळ्यांत कमी होता. शेवटच्या प्रदेशात पोहोचायला त्यांना एकतीस दिवस लागणार होते. तिथला साठा अकरा दिवसांचा होता. त्यांनी क्रम बदलून पाहिला. कसाही लावला तरी दोन प्रदेशांत साठा संपण्याआधी पोहोचता येत नव्हतं.

एलियास मागे येऊन उभा होता. त्याला फोनवरचं सगळं समजलं नव्हतं, पण ट्रक आले नाहीत हे दिसत होतं.

"यादीत आमचं कितवं?"

"तुमचं नाही."

"पुन्हा मोजा की आमचं. सोळा लिहा, त्याचे बारा होतील. गणित मलाही येतं, बाई."

"पोहोचतील नऊच. मग माझा गुणक आणखी उतरेल आणि बाकीचे सहाही प्रदेश जातील."

बोट पलीकडून येऊन धक्क्याला लागली होती आणि हमाल पोती चढवत होते. एलियासनं ताडपत्रीकडे हात केला. "हे किती दिवस पुरेल? आणि बाई, मला खरं सांगा."

"तीस टन. रोज नऊ पार होतील," कुंदाताई म्हणाल्या. "आज, उद्या, परवा. चौथ्या दिवशी सकाळच्या दोन खेपा."

एलियासनं मान हलवली आणि बायकोला नि मुलींना अलीकडे आणायला धक्क्याकडे चालू लागला. पाठोपाठ कुंदाताईंना नावाड्याचा आवाज ऐकू आला. एका माणसाला बसवायचं तर एक पोतं उतरवावं लागेल, असं तो सांगत होता.