ओतिलियाची उपाशीपोटीची साखर

"डॉक्टरीणबाई, पळा! ओतिलिया पुन्हा पडली!"

हाक मारत आला तो फेर्मिन, ओतिलियाचा नवरा. डॉक्टर नोएमी त्याच गल्लीत राहायच्या. दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या बघायचं काम त्यांचं. पिशवी उचलून त्या धावल्या.

ओतिलिया पलंगावर घामाने निथळत होती. बोटावरच्या थेंबात साखर जेमतेम चाळीस. नोएमींनी शिरेतून ग्लुकोज सोडलं. थोड्या वेळाने ओतिलियाने डोळे उघडले.

"सोमवार आला का हो?" तिने पहिला प्रश्न केला.

वजन उतरवायला ऑपरेशन करून लहान केलेलं तिचं पोट सोमवारी पुन्हा पूर्वीसारखं जोडायचं ठरलं होतं. साखर कोसळायचे हे झटके थांबेनात, म्हणजे ऑपरेशनच बाधलं, असं सर्जनचं मत. ऑपरेशनआधी दोनशे किलोची ओतिलिया कित्येक वर्षं या खोलीतच होती. खिडकीला गज, एर्मोसियो शहराच्या रणरणत्या उन्हापायी जाड पडदा, आणि दाराबाहेर जग. पोटाचं ऑपरेशन झालं आणि वजन उतरायच्या आधीच तिची चढलेली साखर उतरली, मग रक्तातली चरबीही. शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. आता ती भिंत धरून अंगणापर्यंत चालायची. पोट परत जोडलं की परत तीच खोली, मरेपर्यंत.

"मी नाही जायची त्या टेबलावर," ती रडत म्हणाली. "पण हे असं रोज मरण्यापेक्षा..."

"गप गं! डॉक्टरांना कळतं सगळं," थोरली बहीण चोना तिचं डोकं मांडीवर घेत म्हणाली. चोनाने तिला आईच्या मायेने वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि आजही तिचं सगळं करायची ती चोनाच.

नोएमींचा चेहरा आक्रसला. त्यांनी फेर्मिनला धारेवर धरलं.

"खरं सांग. तू हिला काय चारतोस?"

"बटरब्रेड." फेर्मिन ओशाळला. "माणूस घाबरलं की ब्रेड भरवायचा. आमच्या आजीपासूनची रीत आहे ती."

"झटक्याच्या आधी की नंतर?"

"नंतरच की! घाबरायच्या आधी भीतीचा ब्रेड कोण देतं, बाई?"

"आज काही खाल्लं होतं हिने?"

"कुठलं! अजून उपाशीच आहे."

"नुसता निवडुंगाचा रस दिला," चोना म्हणाली. "रोज सकाळी देते. रक्त साफ होतं."

"दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा झटका आला होता?"

"एकदाही नाही," ओतिलिया पुटपुटली. "घरी आले की येतो. माझ्या नशिबातच ही खोली आहे."

नोएमी हसून म्हणाल्या, "चला, यंत्र काढलंच आहे तर सगळ्यांचीच बोटं टोचू. फेर्मिन, तुझं आधी."

फेर्मिनची साखर ठीक निघाली. चोनाची निघाली तीनशेच्या वर.

"अगंबाई! तुमची शुगर आणि एवढी? गोळ्या घेता ना?"

"सरकारी दवाखान्यातून आणते. एक दिवस चुकवत नाही!" चोना तोऱ्यात म्हणाली.

"मग त्या जातात कुठे?"

पडद्यामागे उन्हाने पत्रा तडतडत होता.

"ऐका," नोएमी म्हणाल्या. "मागच्या झटक्यात घेतलेल्या हिच्या रक्तात इन्शुलिन खूप होतं. बाहेरून टोचलं असतं, तर शरीर स्वतः इन्शुलिन बनवताना सोडतं ती खूण रक्तात दिसली नसती. पण खूण भरपूर होती. म्हणून सर्जन म्हणाले, ऑपरेशनने स्वादुपिंड बिथरलं. मीही मान डोलावली, मूर्खासारखी! तसा झटका येतो जेवल्यावर, गोड खाल्ल्यावर. हिला येतो उपाशीपोटी, आणि फक्त या घरात. शरीराकडून जबरदस्तीने इन्शुलिन काढणारी आणखी एक चीज आहे. शुगरवरची जुन्या प्रकारची गोळी, सरकारी दवाखान्यात अजून देतात ती. तिनेही ती खूण वाढते. चोनाबाई, त्या बुळबुळीत आंबट रसात गोळी कुटून घातली तर जिभेला कळणार नाही. तुम्ही स्वतःच्या वाट्याच्या गोळ्या हिला पाजल्यात, म्हणून तुमची साखर चढली आणि हिची कोसळली. आत्ता हिचं रक्त घेते, त्यात ती गोळी सापडेलच."

"ताई?" ओतिलिया कोपरावर उठली. "तू?"

चोना आधी नाहीच म्हणाली. मग एकदम भडाभडा बोलायला लागली.

"हा तुला समुद्राकाठी न्यायच्या गोष्टी करतो! चालायला लागलीस आणि दोघं बोलायला लागलात तिकडे किनो गावात घर घ्यायचं. माझं काय? आयुष्य घातलं मी तुझ्यापायी. पोट परत जोडलं असतं तर राहिली असतीस इथे. मारायचं नव्हतं गं तुला!"

"मेले असते मी," ओतिलिया म्हणाली.

"मी बसायचे ना उशाशी."

फेर्मिन शिव्या घालत पुढे झाला. ओतिलियाने हात आडवा केला.

"डॉक्टरीणबाई, सोमवारचं रद्द करा."

"आत्ताच कळवते. पण गोळीचा अंमल उतरेपर्यंत दवाखान्यात राहावं लागेल. पोलिसांनाही सांगावं लागेल."

"सांगा." ओतिलिया भिंत धरून उभी राहिली. चोना सवयीने आधार द्यायला सरसावली. ओतिलियाने खांदा काढून घेतला, आणि तेव्हा मात्र दोघींनाही रडू आवरेना.

"परत कधी येशील?" चोनाने विचारलं.

"इथे? नाही येणार." दारात थांबून ओतिलियाने दम घेतला. "पोलीस येईपर्यंत माझ्यासारखी त्या पलंगावर पड, ताई. बघ दिवस सरतो का."